'बेस' म्हणणाऱ्या घरातला दिवाण

मित्रांनो, माझ्या अंगावर बसण्याआधी आजवर कुणीही माझी परवानगी मागितलेली नाही, आणि मला त्याचा कधी रागही आला नाही. मी दिवाण आहे. लाकडाचा, जुना, एका टोकाला डोकं टेकायला उंचवटा असलेला. तुमच्याकडे दिवाण बाहेरच्या खोलीत ठेवतात म्हणे, पाहुण्यांसाठी. इकडे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आमची जागा स्वयंपाकघरात, चुलीला लागून. घराला बैठकीची खोली असते, पण ती पाद्र्यासाठी आणि शवपेटीसाठी राखलेली. बाकी सगळं जगणं स्वयंपाकघरात, म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत चालतं.

मला एलायहू स्नूक नावाच्या म्हाताऱ्याने बनवलं. खडकावर आपटून फुटलेल्या त्याच्या होडीच्या फळ्या त्याने किनाऱ्यावरून वेचून आणल्या आणि हिवाळाभर माझ्यावर खटपट केली. तो सुतार नव्हता, मच्छीमार होता, त्यामुळे माझे चार पाय एका उंचीचे नाहीत. एकाखाली अजूनही लाकडाची चकती आहे. त्याच्या बायकोने समुद्रपक्ष्यांची पिसं भरून माझी गादी शिवली. गादीखाली, माझ्या पोटात, झाकण असलेली एक लांबट पेटी आहे. त्या पेटीकडे लक्ष ठेवा, पुढे तिचं काम आहे.

माझ्यावर बाळं निजली, मोठी झाली, ओल्या बुटांसकट आडवी झाली आणि आयांच्या शिव्या खाऊन उठली. एलायहूचा मुलगा अँब्रोज दुपारी समुद्रावरून आला की जेवून माझ्यावर पडायचा. दोन मिनिटांत त्याचं घोरणं सुरू व्हायचं. त्याची बायको ड्रुसिला म्हणायची, "या दिवाणात अफू भरलीय की काय सासूबाईंनी!" अशी माझी स्तुती व्हायची. मी तेव्हा फार सुखात होतो, आणि सुखात असताना ते कळत नाही, हे लाकडालाही लागू आहे.

आमच्या पिंचर्स कोव्ह गावात दोन रीती होत्या. एक म्हणजे दार कुणी ठोठावायचं नाही. सरळ आत यायचं, माझ्यावर बसायचं आणि मग बोलायचं. दार वाजलं की समजायचं, परका आहे. दुसरी रीत अशी की 'कशी आहेस?' असं कुणी विचारलं तर उत्तर एकच. "बेस!" मासे मिळाले तरी बेस, नाही मिळाले तरी बेस. छप्पर उडालं, गुडघा मोडला, तरी बेस. अँब्रोज गेला त्या आठवड्यातही ड्रुसिला येणाऱ्या प्रत्येकाला चहा देत म्हणत होती, "मी बेस आहे गं बाय, तू बस." ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं की या शब्दाचा प्रकृतीशी काही संबंध नाही. तो दारावरच्या कडीसारखा होता. हात लागला की वाजायचा, एवढंच.

त्याच शब्दाने पुढे घात केला.

ड्रुसिला खेकड्याच्या कारखान्यात कामाला होती. बंदरावर मोठमोठ्या कढयांमध्ये खेकडे उकडायचे आणि बायकांनी वाफेत उभं राहून त्यांचं मांस काढायचं. वर्षानुवर्षं ती वाफ छातीत गेली की दमा धरतो. गावात त्याला नावच होतं, खेकड्याचा दमा. ड्रुसिलाला तो असा धरला की मग सोडलाच नाही. आधी टेकडीवरच्या चर्चला जाणं सुटलं. मग अंगणातलं लाकूड आणणं सुटलं. अँब्रोज गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एके दिवशी ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली आणि तिथून ना वर जाता येईना, ना खाली. बऱ्याच वेळाने ती एकेक पायरी घसरत खाली आली आणि माझ्यावर आडवी झाली. त्या दिवसापासून ती वरच्या खोलीत झोपायला गेली नाही.

मित्रांनो, हे फक्त मला ठाऊक होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. ती माझ्यावर उशा रचून अर्धी बसून झोपायची. उजाडायच्या आधी उठून उशा, पांघरूण, झोपायचा झगा, सगळं माझ्या पोटातल्या पेटीत कोंबायची आणि वर झाकण लावून गादी सारखी करायची. कारण सकाळी पहिला चहा प्यायला तिची नणंद व्हर्निस यायची, खाडीच्या पलीकडच्या काठावरून, दार न ठोठावता. "काय वहिनी, झोप लागली का?" "बेस!" असं रोजचं. नणंद खुर्चीत बसायची, भावजय माझ्यावर, आणि मधे चहाची किटली.

दवाखान्यात डॉक्टर बदलत असत. सगळे लांबून आलेले, तरुण, सज्जन. दारात उभं राहूनच विचारायचे, "कशा आहात, मिसेस स्नूक?" आणि ड्रुसिला रानबोरांच्या मुरंब्याची बाटली त्यांच्या हातात ठेवत म्हणायची, "बेस, डॉक्टर. तुमचं कसं काय?" डॉक्टर मान डोलवत आणि लिहून घेत, रुग्ण म्हणते, बेस. त्यांचाही दोष नव्हता. कुणी चांगली आहे म्हणालं तर ती चांगली आहे असंच शहाणा माणूस समजणार. पण इकडे प्रत्येक भेटीचा एकेक 'बेस' कागदावर जाऊन बसत होता.

एकदा तर अँब्युलन्स बोलवावी लागली. मग काम सुटलं तेव्हा तिने अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. पेन्शन मिळाली तर आपल्या घरात, आपल्या माणसांत राहता येईल. नाही मिळाली तर घर विकून हजारो मैल लांब, अल्बर्टात मुलाकडे जावं लागेल. मुलगा चांगला होता, रोज फोन करायचा, पण ती म्हणायची, "तिथं समुद्र नाही. खिडकीतून काय बघू, ट्रक?"

पेन्शनच्या खात्याने अर्ज नाकारला. म्हणून ती न्यायाधिकरणाकडे गेली. तिथली सुनावणी फोनवर झाली, याच स्वयंपाकघरात. ड्रुसिला चर्चला जायचा निळा ड्रेस घालून माझ्या काठावर ताठ बसली होती. फोनवर बोलायचं असलं तरी न्यायाधीशासमोर घरच्या कपड्यांत कसं बसायचं! धीर द्यायला म्हणून व्हर्निस समोरच्या खुर्चीत होती. न्यायाधिकरणाचे गृहस्थ मऊ आवाजात बोलत होते.

"आज कशा आहात, मिसेस स्नूक?"

"बेस, साहेब!"

मला माझ्या फळ्या कराकरा वाजवाव्याशा वाटल्या. तिच्या छातीतली घरघर माझ्या गादीपर्यंत येत होती, पण फोनच्या तारेतून ती जात नव्हती. मग गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही झोपता कुठे?"

ड्रुसिलाने एकदा व्हर्निसकडे पाहिलं आणि म्हणाली, "वर, माझ्या खोलीत. झोपायची जागा आणखी कुठे असते?"

"म्हणजे रोज जिना चढता?"

"घरात जिना आहे तर चढायलाच हवा ना साहेब."

व्हर्निस आपल्या कपातल्या चहाकडे बघत राहिली. निकाल आला तो नकाराचा. त्यात लिहिलं होतं की दावेदार रोज जिना चढते आणि आपली प्रकृती उत्तम असल्याचं तिने डॉक्टरांना पुन्हापुन्हा सांगितलं आहे. न्यायाधिकरणाच्या वरच्या मंडळींनीही तोच निकाल उचलून धरला. त्या वसंतात ती पुन्हा कारखान्यात गेली. वाफेत उभी राहिली. हंगामाच्या मध्यावर दोन बायकांनी तिला धरून घरी आणलं आणि माझ्यावर निजवलं. तिचं वजन किती उतरलंय हे मला तेव्हा कळलं. छातीत जे काही उरलं होतं, त्यातलं बरंचसं त्या अर्ध्या हंगामाने नेलं. ते पुन्हा कधी परत आलं नाही.

आता उरलं होतं ते कोर्ट. त्यासाठी वकील आला तेव्हा त्याने दार ठोठावलं. ड्रुसिला आतूनच ओरडली, "कोण मेलं? की पोलीस आहात?"

"वकील आहे, मावशी. सेंट जॉन्सहून आलोय. गारफील्ड नोजवर्दी."

"मग आत या की! दाराला कशाला बडवताय? त्याने काय केलंय तुमचं?"

नोजवर्दी उंच आणि ओढलेल्या चेहऱ्याचा होता, आणि गरिबांचे खटले फुकट लढायचा. सांगितलेल्या वेळेच्या आधीच पोचला होता, त्यामुळे ड्रुसिलाला आवरायला वेळ मिळाला नव्हता. तो माझ्यावर बसला आणि खाली कुरकुर झाली. पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं. फटीतून झोपायच्या झग्याची बाही बाहेर आली होती. त्याने ती पाहिली. हळूच आत सरकवली आणि झाकण दाबून लावलं.

"मावशी, तुम्ही इथं झोपता."

ड्रुसिला चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

"न्यायाधिकरणाला वर झोपते म्हणून का सांगितलंत?"

"नणंद समोर बसली होती. हे तिच्या भावाचं घर. त्याची बायको मांजरासारखी चुलीशी झोपते, हे तिला ऐकवू?" मग ती वळली. "पण आता सांगा ना कोर्टाला. तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंत."

"नाही सांगता येत, तोच तर घोळ आहे. कोर्ट नवीन काही ऐकत नाही. आधी जे नोंदलं गेलं, त्यावरून दिलेला निकाल अकलेला धरून आहे का, एवढंच ते तपासतं."

"म्हणजे माझं खोटं तिथं चालतं आणि खरं चालत नाही?"

"सध्या तसंच."

"बरं कोर्ट आहे हो तुमचं," ड्रुसिला म्हणाली आणि त्याच्यासमोर तळलेल्या पावाची ताटली ठेवली. "खा. हाडं दिसताहेत तुमची."

कोर्टाचं काम व्हर्निसच्या टॅबलेटवर दिसलं. तो पावाच्या डब्याला टेकून उभा केला होता. तीन न्यायमूर्ती, मधे एक वयस्क बाई. पेन्शन खात्याची वकीलही बाईच होती आणि ती काही वाईट नव्हती. तिने शांतपणे सांगितलं की दावेदार स्वतः दर भेटीत आपण 'बेस' आहोत असं म्हणते, आणि न्यायाधिकरणाने तिच्याच शब्दांवर विश्वास ठेवला, तर त्यात गैर काय?

वयस्क न्यायमूर्तींनी नोजवर्दीला विचारलं, "या शब्दाचा तिकडे नेमका अर्थ काय?"

"अर्थ काही नाही, न्यायमूर्ती. माझी आई मरणाच्या आदल्या दिवशी फोनवर मला बेस म्हणाली होती. पण ते नोंदीत नाही, म्हणून मी सांगत नाहीये."

"तुम्ही आत्ताच सांगितलंत."

"मग आपण विसरून जावं. नोंदीत जे आहे तेच दाखवतो. पहिल्या अर्जालाच जोडलेलं, अँब्युलन्सच्या माणसांनी लिहिलेलं पान बघावं. त्या दिवशी मिसेस स्नूक स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडलेल्या सापडल्या. ओठ निळे. एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. ऑक्सिजनचा मुखवटा चढवल्यावर त्यांना विचारलं, कसं वाटतंय? त्यांचं उत्तर शेवटच्या ओळीत आहे."

न्यायमूर्तींनी पान उलटलं. वाचलं. चष्मा काढला.

"रुग्ण म्हणते, बेस," त्या म्हणाल्या.

शेजारच्या दोघांनीही तेच पान उघडलं. खात्याच्या वकिलीण बाईही खाली बघत होत्या. आमच्या स्वयंपाकघरात व्हर्निसला हसू फुटलं आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. "वहिनी, तू म्हणजे अगदी कमाल आहेस हां! तोंडावर मुखवटा, आणि बेस!" ड्रुसिलाही हसली आणि मग खोकत राहिली.

निकाल आला तो पिंचर्स कोव्हच्या बायकांनी माझ्यावर दाटीवाटीने बसून वाचला. कोर्टाने पेन्शन दिली नव्हती. ते कोर्टाचं कामच नव्हे. कोर्टाने एवढंच म्हटलं होतं की जी बाई गुदमरतानाही बेस म्हणते, तिच्या बेसवरून प्रकृती ठरवणं अकलेला धरून नाही, तेव्हा न्यायाधिकरणाने हा दावा पुन्हा नीट ऐकावा. जिन्याबद्दल कोर्ट काहीच बोललं नव्हतं. ते उत्तर ड्रुसिलाचं होतं आणि ते तिलाच बदलावं लागणार होतं.

"मावशी," नोजवर्दीने फोनवर सांगितलं, "या वेळी खरं बोलायचं. सगळं. नाहीतर मी इथून काही करू शकत नाही. हवं तर नणंदेला बाहेर थांबायला सांगा."

"तिच्याच घरातून तिला बाहेर काढू? आणि ते टॅबलेटचं यंत्र कोण चालवणार, मी?"

दुसरी सुनावणी पडद्यावर झाली. त्या दिवशी न्यायाधिकरणाला मी पहिल्यांदा दिसलो. निळा ड्रेस तोच होता, पण खांद्यावरून सैल लोंबत होता. व्हर्निस पुन्हा समोरच्या खुर्चीत होती. या वेळी न्यायाधिकरणाकडून एक बाई होत्या. त्यांनी सगळ्यांची नावं विचारली आणि मग सवयीने तेच विचारलं.

"कशा आहात, मिसेस स्नूक?"

ड्रुसिलाचे ओठ 'बे' म्हणायला जुळले. मला ते जाणवलं, कारण तिचं सगळं अंग त्या शब्दाच्या बाजूला झुकलं. पडद्याच्या कोपऱ्यात नोजवर्दी जागचा हलला नाही. चुलीवर किटली वाजायला लागली होती. तिने माझा काठ दोन्ही हातांनी धरला.

"मी बरी नाही," ड्रुसिला म्हणाली.

मित्रांनो, एलायहूने मला इथं आणून ठेवल्यापासून हे वाक्य या स्वयंपाकघरात कुणी उच्चारलं नव्हतं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही झोपता कुठे?"

"इथं. या दिवाणावर. अँब्रोज गेल्यानंतरच्या हिवाळ्यापासून. जिना मला चढवत नाही. मागच्या वेळी मी खोटं बोलले, बाई. पांघरूण या खालच्या पेटीत लपवते. बघायचं असेल तर दाखवते." आणि ती व्हर्निसकडे न बघता पुढे म्हणाली, "नणंदेला कळू नये म्हणून."

प्रश्न अजून बरेच झाले. सगळ्यांची उत्तरं तिने सरळ दिली. पडदा काळा झाला. किटली उकळून उकळून आटायला आली होती.

"वहिनी," व्हर्निस म्हणाली, "मला माहीत होतं गं."

"काय?"

"माझ्या खिडकीतून तुझी वरची खिडकी दिसते. तिथं दिवा लागत नाही, कित्येक वर्षं झाली. सगळ्या कोव्हला माहीत आहे. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, तिला विचारू नका, तिला लाज वाटेल."

ड्रुसिला तिच्याकडे वळली. "त्या फोनच्या दिवशी तू इथंच बसली होतीस."

"होते."

"माझं उत्तर ऐकलंस?"

"ऐकलं. म्हटलं, राहू दे. तिची अब्रू आहे."

"मी तुझ्यासाठी खोटं बोलले, व्हर्निस."

"आणि मी तुझ्यासाठी गप्प बसले," व्हर्निस म्हणाली, उठली, आणि किटली उतरवायच्या निमित्ताने पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मग ती वळली, खुर्चीत न बसता माझ्यावर, भावजयीला खेटून बसली. दोघींचं मिळून वजन पूर्वीच्या एकटीएवढंही नव्हतं.

पेन्शन मंजूर झाली. घर राहिलं. खिडकीतून समुद्र दिसतो. पण तो अर्धा हंगाम, ती वाफ, नकाराच्या त्या सगळ्या वर्षांत झिजलेली छाती, हे कुठलं न्यायाधिकरण परत देणार? आता स्वयंपाकघरात वर-खाली होणारा लोखंडी पलंग आला आहे आणि त्याच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत असतं. पलंगाला जागा हवी म्हणून मला मागच्या पडवीत, रबरी बूट आणि बटाट्यांच्या पोत्याशेजारी आणून ठेवलंय. माझी पेटी रिकामी आहे. मला वाईट वाटतं, पण तिला त्या पलंगावर जास्त आराम आहे, म्हणून तक्रार करणार नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. आता कुणी 'कशी आहेस' विचारलं की ती उत्तर द्यायच्या आधी थांबते. कधी म्हणते, "आज जड आहे." कधी नुसता हात वर करते. खरंच सांगते ती, आणि खरं सांगायला हवं म्हणून आम्ही सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले होते. पण 'बेस' हा शब्द त्या घरातून गेला तो गेलाच. कोर्टात तो पुरावा म्हणून उभा राहिला आणि परत आलाच नाही. तो ऐकू येत नाही तेव्हा मला अँब्रोजच्या घोरण्याइतकीच त्याची आठवण येते.

व्हर्निस रोज येते, मागच्या दाराने. आत जाण्याआधी क्षणभर माझ्यावर टेकते, बूट काढते, डोळे पुसते आणि मगच आत जाते. आत गेल्यावर ती आता 'कशी आहेस' विचारतच नाही. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज येतो आणि मग बऱ्याच वेळाने बोलण्याचा.

मी बसायची वस्तू आहे, मित्रांनो, म्हणून मला एवढंच मागता येतं. डॉक्टर दारात उभे राहून विचारत होते. गृहस्थ फोनवरून विचारत होते. आणि ज्या रोज येऊन जवळ बसत होत्या, त्यांनी खरं काय ते विचारलंच नाही. तुम्ही कुणाला कसं आहे म्हणून विचाराल, तेव्हा आधी त्याच्याजवळ बसा. आणि उत्तर 'बेस' असं आलं, तर लगेच उठू नका.